निळीच राहिलेली नळी

माझी तीन मुलं जन्मतानाच गेली. तिन्ही दांडगी, सहा महिन्यांच्या पोरासारखी. पहिल्या दोन वेळी आमच्या रावेत गावातल्या बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. तिसऱ्या वेळी सासूने मला आणखी खाऊ घातलं. सकाळी गूळ-तूप-भाकरी, दुपारी शेवयांची खीर. मला सारखी तहान लागायची. सासू म्हणायची, "पोरगं पाणी मागतंय."

चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा नवरा देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होता. तिथल्या एका दवाखान्यात पुण्याहून एक डॉक्टरीणबाई दर मंगळवारी येते, पोटुशी बायका तपासते, असं त्याने ऐकलं आणि मला व सासूला तिकडे नेलं. बाईने पहिलं काय विचारलं असेल, तर बाळं केवढी होती. मी हात पसरून दाखवलं. तोवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. बाईने ते जाड वहीत लिहिलं.

मग तिने काचेची नळी दाखवली. नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळंच राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं, विटकरी झालं तर लघवीत साखर. "साखर निघाली तर तुला पुण्याला दाखल करून घेईन," बाई म्हणाली. "खाणं बांधून देईन, इंजेक्शनं देईन, दिवस भरायच्या आत बाळंत करीन. बाळ वाचू शकेल." तिने बुचाची बाटली दिली. सकाळची पहिली लघवी आणायची.

मंगळवारी सकाळी मी बाटली भरली. सासूने ती माझ्या हातातून घेतली आणि न्हाणीमागे ओतली.

"पोटुशीचं मूत परक्याच्या हाती द्याचं? कुनी करनी केली म्हंजे?"

"आत्याबाई, डॉक्टरीण हाय ती."

"तिच्या हाताखाली कोन हाय, ठाव हाय का तुला? मला म्हातारीला कोन काय करनार? माझं ने."

आणि तिने बाटली आपली भरली.

दवाखान्यात बाकावर बसलेली एक बाई माझ्या बाटलीकडे बघून म्हणाली, "काय गं, काकवी आणलीस का?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

नळी निळीच राहिली. बाईने पुन्हा तापवली. निळीच. तिने वहीची मागची पानं उलटली, माझ्याकडे बघितलं.

"अगं, ही तुझीच ना?"

सासू शेजारीच होती. मी म्हणाले, "व्हय."

एवढंच. कुणी माझा गळा धरला नव्हता. चौथी शिकलेली होते, बाईचं बोलणं मला कळलं होतं. सासूला घाबरले आणि खरं सांगायचं तर करणीलाही घाबरले. घरी आले तर न्हाणीमागे जिथे माझी लघवी ओतली होती, तिथे मुंग्यांची रांग. सासू म्हणाली, "गूळ सांडला आसंल." तो तिथे कुणी सांडला, हे मी विचारलं नाही. पुढच्या दोन मंगळवारीही तिचीच बाटली नेली. नळी निळीच राहिली. बाई म्हणाली, आता घरीच राहा, जपून राहा. सातव्या महिन्यात सासूने पुरणाचं डोहाळजेवण केलं.

मुलगी झाली. डोकं आलं आणि खांदे अडकले. सुईणीने ओढून काढली तेव्हा तिच्यात काही नव्हतं. नंतर मी दवाखान्यात गेले, बाईला सांगितलं. तिने वहीतलं माझं पान काढलं. मग ती त्यावर लिहू लागली. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. त्यानंतर मला दिवस गेले नाहीत.

दिराची नात पुण्यात नर्स आहे. तिला अभ्यासासाठी जुने छापील लेख वाचावे लागतात. त्यात त्या डॉक्टरीणबाईचा लेख निघाला, गरोदरपणातल्या मधुमेहावरचा. पोरीने मला मराठीत करून सांगितला. लेखात देहूरोडजवळच्या खेड्यातली एक बाई आहे. तीन मोठी बाळं मेलेली, चौथंही तसंच गेलेलं, लघवी दर वेळी स्वच्छ. अशा बायका असतात, म्हणून नुसत्या लघवीवर विसंबू नये, रक्त तपासावं, असं डॉक्टरीणबाईने लिहिलंय.

"आजी, ही तूच असशील," पोरगी खुशीत म्हणाली.

मी तिला बाटलीचं सांगितलं. तिने लेखाचं ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "पण रक्त तपासावं हे बरोबरच होतं गं. तुझ्यामुळे चांगलंच झालं."

कुणाचं चांगलं झालं? मुलगी माझी गेली. ती डॉक्टरीणबाई हुशार होती. नळी विटकरी झाली असती तर ती मला त्याच दिवशी पुण्याला घेऊन गेली असती. मी तिला खोटं दिलं, आणि तिने त्यावर विश्वास ठेवून डोकं शिणवलं.

पोरीला म्हटलं, बाईंना पत्र लिही. बाई वारल्याला वर्षं झाली, म्हणाली. मी म्हटलं, मग लेख छापणाऱ्यांना लिही. ती म्हणाली, आता कोण वाचतंय आजी.

म्हणून इथे लिहिते. त्या लेखातली बाई मी आहे. लघवी माझी नव्हती.