फेलोशिपचा उस्ताद

आमच्या विद्यापीठात शास्त्र कळणारे पुष्कळ होते, पण संशोधनाची फेलोशिप कशी मिळवायची हे कळणारा माणूस एकच होता; आणि जन्मात ती न मिळालेला माणूसही तोच. प्राणिशास्त्र विभागात तो मला सीनिअर होता. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. ‘अहो भाऊ’ वगैरे नाही, सरळ ‘ए भाऊ!’ तो अजिंठ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. एम.एस्सी.ला पहिला आला आणि पीएच.डी.साठी विषय घेतला पालीचा. घरात, भिंतीवर, ट्यूबलाइटजवळ असते ती पाल. गावाकडे आईनं चार महिने ही गोष्ट शेजाऱ्यांपासून लपवली म्हणे. पोरगं वाया गेलं हे सांगता येतं, पण पालीच्या मागं लागलं हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

पाल चुकचुकते कशाला, हा त्याचा प्रश्न होता. त्यासाठी हॉस्टेलच्या खोलीतला दिवा तो रात्रभर चालू ठेवायचा, कारण दिव्यावर किडे येतात आणि किड्यांमागे पाली. त्याच्या खोलीत कुणी टिकत नसे. मी टिकलो, कारण मला दुसरी खोली मिळाली नाही. भिंतीवरच्या प्रत्येक पालीला त्यानं नाव दिलं होतं, आणि सगळी नावं विभागातल्या प्राध्यापकांची होती. एकदा आमचे गाइड सर त्याच्या प्रबंधाबद्दल बोलत असताना भिंतीवर पाल चुकचुकली. सर मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी लगेच टेबलावर तीनदा बोट वाजवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हटलं. भाऊ अत्यंत गांभीर्यानं म्हणाला, “सर, ती तुमाला काय बी म्हणत नाय. दुसऱ्या पालीला म्हणतीय, माझ्या हद्दीत येऊ नको.” त्यानंतर सरांनी त्याच्या फेलोशिपच्या अर्जावर सही करायला जो वेळ लावला, तेवढ्यात पालींच्या दोन पिढ्या होऊन गेल्या असतील.

पण त्याचं खरं राज्य कॅन्टीनमध्ये. फेलोशिपच्या मुलाखती जवळ आल्या की भाऊ तिथं आपला दरबार भरवायचा. खांद्यावर घोंगडी शालीसारखी टाकायची, नाकावर दुसऱ्या कुणाचा तरी चष्मा चढवायचा आणि समितीचा अध्यक्ष होऊन बसायचं. समोर आम्ही एकेक जण घाम पुसत उभे. कॅन्टीनवाले चाचा चहा ठेवता ठेवता विचारायचे, “आज किसका नंबर है, भाऊ?” आणि भाऊ आमच्यापैकी एकाकडे खाटकानं बोकडाकडे बघावं तसं बघायचा. प्रश्न असे विचारायचा की रडू यावं. उत्तर चुकलं तर म्हणायचा, “लई हुशारी दाखवू नको. येत नसंल तर येत नाय म्हण. पण मान वर करून म्हण.” कुठला प्रश्न आधी येतो, कुठला मागून, कुठं थांबायचं, कुठं पाणी प्यायचं, सगळं त्याला पाठ. त्याच्या हाताखालून गेलेली पोरं पटापट फेलोशिप घेऊन मोकळी झाली. मीही झालो. ज्याला मिळेल त्यानं विभागाला भजी-जिलबी खिलवायची रीत होती, आणि प्रत्येक जिलबीच्या वेळी सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो भाऊच.

त्याचा स्वतःचा नंबर लागला तो वयाची अट संपायच्या वर्षी. तोवर सरांची सही अडलेली. ही फेलोशिप हुकली तर पुढं दुसरी नाही. घरून पैसे येणं केव्हाच बंद झालेलं, म्हणजे संशोधनही तिथंच संपणार. समितीतल्या मोठ्या माणसांना वेरूळ-अजिंठा बघायचा असे, म्हणून मुलाखती आमच्याकडेच ठेवत. भाऊ त्या भागातला, तेव्हा साहेबांसाठी गाडी ठरवायचं आणि त्यांना लेणी दाखवायचं काम विभागानं त्याच्याच गळ्यात मारलं. मुलाखतही त्याचीच शेवटची. आम्ही दाराबाहेर कान लावून उभे होतो. भाऊ आत गेल्या गेल्या अध्यक्षांनी विचारलं, “या पालीचा समाजाला उपयोग काय?”

एवढी वर्षं अध्यक्ष होऊन बसायची सवय. भाऊच्या तोंडून निघून गेलं, “सर, हा प्रश्न शेवटी इचारायचा असतो. आधीच इचारला की पोरगं बिचकतंय.”

मग अध्यक्ष म्हणाले, “मुलाखत तुम्ही घेताय की आम्ही?” आणि आमचा भाऊ, तोंड मिटायचं सोडून, मुलाखत कशी घ्यायची ते त्यांना नीट समजावून सांगायला लागला. मला आजही त्याचा राग येतो. त्याहून जास्त राग येतो तो त्या चार माणसांचा, ज्यांना त्या वेड्याच्या बोलण्यात फक्त उद्धटपणा दिसला. दुपारी तो ठरल्याप्रमाणे त्यांना अजिंठ्याला घेऊन गेला. चित्रं इतकी छान समजावून दिली म्हणे, की परतताना अध्यक्षांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, “तुम्ही टुरिझममध्ये जायला हवं होतं.”

यादीत त्याचं नाव नव्हतं. हॉस्टेल सोडताना त्यानं दिवा मालवला आणि म्हणाला, “झोप आता निवांत.” झोप कुठली लागायला!

बऱ्याच वर्षांनी तो मला बिडकीनला भेटला. एका कंपनीचं स्टोअर सांभाळत होता, केस पिकले होते. पालीचा विषय मी काढला नाही, त्यानंही नाही. माझी फेलोशिपच्या समितीवर नेमणूक झाल्याचं भीत भीत सांगितलं, तर त्याचा चेहरा उजळला. “व्हय? लई भारी काम झालं बघ!” मग म्हणाला, “एक कर. पोरगं आत आलं की आधी इचार, जेवलास का. लांबून येत्यात रं पोरं. त्या दिवशी सकाळपासून साहेबांची गाडीच हुडकत फिरलो मी. पोटात अन्नाचा कण नव्हता. डोकं चालंना, म्हणून तोंड चाललं.”

मी आता प्रत्येकाला विचारतो. बाकीचे सदस्य घड्याळ बघतात. परवा सिल्लोडकडची एक मुलगी आली होती. “जेवलीस का गं?” म्हटल्यावर खाली बघत म्हणाली, “नाय सर.” मी तिला बाहेर पाठवलं, पोहे मागवले आणि समितीला अर्धा तास थांबवून ठेवलं. एवढं तर त्या दिवशी भाऊसाठी कुणालाही करता आलं असतं.