अक्काची खोली आणि गिरणीचे शेअर

माझी थोरली बहीण, आमची अक्का, नवरा गेल्यावर केजला माझ्या घरी आली, तेव्हा सासरकडून मिळालेले थोडे पैसे तिच्याजवळ होते. ते मी सोलापूरच्या एका गिरणीच्या शेअरांत घातले. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, म्हणून माझ्या अकलेवर सगळ्यांचा भरवसा. माझाही होता.

अक्काला अंबाजोगाईला एक खोली घेऊन स्वतःची चूल मांडायची होती. भावजयीशी भांडण नव्हतं, पण दुसरीच्या डब्यातलं पीठ काढताना हात आखडतो, असं ती म्हणायची. खोली पाहूनही ठेवली होती. शेअरांवरचा डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, आला की भाडं बरोबर भागणार होतं. तसा हिशोब मी तिला मांडून दाखवला होता, आणि तो मलाच इतका आवडला की पुन्हा एकदा दाखवला.

डिव्हिडंड आला, पण भाड्याला पुरेना. सोबतच्या चिठ्ठीत होतं की इन्कमटॅक्स आधीच कापून सरकारात भरला आहे.

“कोणत्या सरकारात?” अक्कानं विचारलं.

“इंग्रजांच्या. गिरणी त्यांच्या मुलखात हाय ना.”

“आन् मी निजामाच्या मुलखात. मग माज्यातलं कावून कापलं?”

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. खाली बारीक अक्षरांत सोय सापडली. ज्याची वर्षाची कमाई थोडी, त्यानं अर्ज केला तर कापलेला टॅक्स परत मिळतो. फक्त राहत्या गावच्या कचेरीचा कमाईचा दाखला हवा. “एवढंच ना,” मी म्हणालो, आणि खोलीच्या मालकाला थोडं थांबायचा निरोप धाडला.

तहसिलीत दाखले लिहिणारे पेशकार माझ्या ओळखीचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मास्तर, म्हणजे मी काय लिहू?”

“बाईंची कमाई इन्कमटॅक्स बसण्याइतकी नाही, असं.”

“आपल्या रियासतीत तो टॅक्सच न्हाई. जो हायच न्हाई तो बसत न्हाई, असं कसं लिहू?”

“मग नुसती आमदनी लिहा.”

“ती लिहितो. पण चहा पाजावा लागंल.”

चहा पाजला. उर्दू दाखला मिळाला, त्यावर ठसठशीत मोहोर. त्याचा इंग्रजी तर्जुमा मी रात्रभर खपून केला आणि इंग्रजांच्या टॅक्स कचेरीकडं अर्ज टाकला.

उत्तर आलं, दाखला चुकीच्या वर्षाचा आहे. आमचं निजामी फसली साल पावसाळा सरल्यावर सुरू होतं, त्यांचं एप्रिलात. माझ्या दाखल्यात त्यांच्या एका वर्षाचा अर्धा तुकडा होता आणि दुसऱ्याचा अर्धा. हे शाळेत पंचांग शिकवणाऱ्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं.

पुन्हा पेशकार. “अर्धं ह्या सनातलं, अर्धं त्या सनातलं? मास्तर, असलं वर्स आमच्या दफ्तरात न्हाई. हा सन संपू द्या, मग दोन सनांचे दोन दाखले देतो. त्यांचं त्यांनी जोडून घ्यावं.”

घरी येऊन मी अक्काला समजावलं की पैसे बुडालेले नाहीत.

“मग मिळतील कवा?”

“सन संपल्यावर दाखले. मग अर्ज. मग ते बघतील.”

“तवर दुसरा डिव्हिडंड येईल, त्यातून?”

“त्यातूनही कापतील.”

कमी पडतंय तेवढं मी घालतो, असं मी बोललो.

“तुज्याच पैशानं ऱ्हायचं तर हितंच ऱ्हाते की,” ती म्हणाली. “त्याला कळीव, थांबू नको म्हणावं.”

कळवायला मीच अंबाजोगाईला गेलो. मालक भला होता, त्यानं बसायला घोंगडं टाकलं. खोली का नको ते सांगताना मी इन्कमटॅक्सपासून सुरुवात केली. फसली सनापर्यंत आलो तेव्हा त्यानं विचारलं, “म्हंजे बाईकडं पैसे न्हाईत?”

“आहेत,” मी म्हणालो, आणि पुन्हा इन्कमटॅक्सपासून सुरू केलं.

तो किल्ली घेऊन उठला. दारात दुसरं एक कुटुंब खोली बघायला येऊन उभं होतं.