काळी पाच

गिटार निवडायला बायकोला सोबत न्यायचं नाही, हा मास्तरांचा जुना नियम होता. लोकांना वाटे, वाद्यांच्या दुकानात बाईमाणूस कंटाळेल म्हणून. खरं कारण ऑर्केस्ट्रातल्या एकट्या कीबोर्डवाल्याला ठाऊक होतं, आणि त्यानं ते पोटात ठेवलं होतं.

मास्तर कुठल्याही शाळेत कधी शिकवायला गेले नव्हते. गिटार वाजवणाऱ्याला काहीतरी म्हणायला हवं, म्हणून पडलेलं नाव. तारुण्यात ते टाइपरायटर दुरुस्तीच्या दुकानात होते. स्क्रू आवळता आवळता इतकं गुणगुणायचे की मालकानं कंटाळून हाकललं, असं ते स्वतःच रंगवून सांगत. पुढचा सगळा जन्म ऑर्केस्ट्राच्या वायरी, ट्रंका आणि टेम्पोच्या मागच्या बाकावर गेला. बायकोही तिथेच भेटली. ती गायची, हे साथ करायचे. लग्न झाल्यावरही त्यात काही फरक पडला नाही, असं कीबोर्डवाला म्हणायचा.

बायकोला सगळे ताई म्हणत, आणि ताई म्हणजे काळी पाच. पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा. तिथून त्या अशा वर जात की मागच्या रांगेतले लोक खुर्चीत पुढे सरकून बसत. मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या बायका ‘आमचा धाकटा’ म्हणतात, त्या सुरात ताई ‘माझी काळी पाच’ म्हणत. कुणी नवा वाजवणारा आला की चहा द्यायच्या आधी त्याला पट्टी सांगितली जाई.

मग एका वर्षी ताप आला. अंगातून गेला, पण घशात काहीतरी ठेवून गेला. एका कार्यक्रमात वरच्या सुरावर आवाज चिरकला. लोकांनी टाळ्या दिल्या, लोकांचं काय जातं. पण परतीच्या वाटेवर ताई खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि घरी येऊन न जेवता निजल्या. मास्तरांना ते बघवलं नाही. पुढच्या कार्यक्रमाआधी त्यांनी गिटारच्या सगळ्या तारा हळूच अर्धा सूर उतरवल्या आणि कीबोर्डवाल्याच्या कानात दोन शब्द सांगितले. त्याला काय, एक बटण दाबलं की झालं. बोटं काळी पाचवर, आवाज मात्र खालचा. घसा बरा होईपर्यंतच करायचं होतं. पण त्या दिवशी ताई गायल्या त्या अशा की पडदा पडल्यावर मास्तरांच्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, सुटला बाई घसा. आता हिला सांगायचं कसं? राहिलं सांगायचं. काही वर्षांनी आणखी अर्धा सूर उतरवावा लागला, तोपर्यंत मास्तरांचा हात आणि कान दोन्ही त्यालाच सरावले होते. घरचा रियाजही त्याच गिटारवर व्हायचा.

आणि आता लांबचा दौरा ठरला होता. जुन्या गिटारची मान टेम्पोतल्या उन्हानं वाकली होती, तारा लाकडाला घासून खरखरत होत्या. नवी घेणं भाग होतं. या वेळी ताईंनी चपला आधी घातल्या आणि म्हणाल्या, मी पण येते, एवढे महिने त्या बयेबरोबर मलाच राहायचंय.  मास्तरांना नाही म्हणायला कारण सापडेना.

दुकान एका जिन्याखाली होतं, अरुंद आणि खोल. दुकानदारानं ताईंना स्टूल दिलं. पहिली गिटार मोठ्या पोटाची होती, आवाज गोड. मास्तर म्हणाले, खोलीत गोड आहे, पण मैदानात मोठ्या स्पीकरांपुढे उभी केली की शिट्टी मारेल. दुसरी त्यांनी पट्ट्यानं गळ्यात अडकवली आणि नुसतेच उभे राहिले. दुकानदारानं विचारलं, वाजवत नाही का? ते म्हणाले, खांदा काय म्हणतो ते ऐकतोय. खांदा नको म्हणाला. तिसरी पातळ अंगाची होती. हलकी, पोटात माईक बसवलेला, वायर खोचायची जागा भक्कम, आणि ठेवायची पेटी अशी की टेम्पोतून पडली तरी चिंता नको. मास्तरांचा जीव तिच्यावर बसला. तारा ढिल्या सोडलेल्या होत्या. डोळे मिटून त्यांनी त्या कानानं लावायला घेतल्या. बायको समोर बसलेली, तिच्या नेहमीच्या सुरावर हात आपोआप जाऊन थांबला.

गिटारच्या कडेला सूर बरोबर लागला की नाही ते दाखवणारी बोटभर खिडकी होती, तिच्यात दिवा लागला होता. तिकडे मास्तरांचं लक्षच नव्हतं.

“मास्तर, सगळ्या तारा एक सूर खाली लागल्यात,” दुकानदार म्हणाला. “मुद्दाम लावल्यात का?”

मास्तरांनी हवेचं काहीतरी सांगितलं. दुकानदार बिचारा सरळ माणूस. हवेनं सगळ्या तारा सारख्याच कशा उतरतील, असं म्हणून तो खिडकी पुसून बघू लागला.

ताई उठल्या. बाजूला एक कीबोर्ड मांडला होता. त्यांनी मास्तरांना रियाज सुरू करतात तो पहिला सूर छेडायला सांगितला आणि स्वतः काळी पाच दाबली. दोन आवाज एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. ताईंनी बोट उचललं, डावीकडची काळी चार दाबली. ती जुळली. पुन्हा पाच दाबली, पुन्हा चार. मास्तर गिटार पोटाशी धरून उभे होते.

“कधीपासून?” ताईंनी विचारलं.

“तापानंतर.”

मास्तरांना वाटलं, आता रडेल, नाहीतर चारचौघांत झापेल. दोन्ही चाललं असतं. ताईंनी तारा बरोबर लावून घेतल्या आणि तिथेच, स्टुलाला धरून, खऱ्या काळी पाचला गायला सुरुवात केली. खाली ठीक होतं. वर जाताना आवाज फाटला. त्या थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, हीच बांधून द्या, चांगली आहे.

  रस्त्यात चौकापाशी ताई थांबल्या. त्यांना एक जुन्या गायिका आठवल्या होत्या. एकदा एकाच रंगमंचावर दोघींचा कार्यक्रम होता, आणि त्या बाईंनी सगळ्या वाजवणाऱ्यांसमोर स्वच्छ सांगितलं होतं की माझा आवाज उतरलाय, काळी चारला घ्या. आत मेकअपच्या खोलीत ताईंनी त्यांची नक्कल करून सगळ्यांना पोट धरून हसवलं होतं. बाई दारातच उभ्या होत्या.

“तेव्हा मी स्वतः काळी चारलाच गात होते ना?” ताईंनी विचारलं.

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

“मी त्यांना हसले. आणि तुम्ही मला हसू दिलंत.”

 तुला वाईट वाटू नये म्हणून, हे शब्द मास्तरांच्या ओठांपर्यंत आले, पण ते इतके हलके वाटले की त्यांनी गिळून टाकले.

दौऱ्यावर ताई गेल्या नाहीत. मास्तरांनी विनवण्या केल्या, काळी चारला उघड गाऊ म्हणाले, कीबोर्डवाला घरी येऊन पाया पडला. ताईंनी त्याला नीट जेवू घातलं आणि परत पाठवलं. मास्तरांची बॅग मात्र नेहमीसारखी स्वतः भरली. निघताना एवढंच म्हणाल्या, माझी पट्टी कुणी विचारली तर खरी सांगा.

ताईंच्या जागी एक तरुण मुलगी घेतली होती. गुणी होती, आवाज कोरा करकरीत. पहिल्या कार्यक्रमाआधी पडद्यामागे मास्तर तारा लावत होते. बरोबर सुरात लावलेल्या तारा ताठ असतात, इतक्या वर्षांनी त्यांची बोटं दुखत होती. मुलीनं सहज विचारलं, काका, ताई कुठल्या पट्टीत गायच्या हो? कीबोर्डवाल्यानं मान खाली घातली.

“काळी चार,” मास्तर म्हणाले.

“एवढ्या खाली?” मुलगी म्हणाली आणि हसली. वाईट हेतूनं नाही, वयानं हसली.

“हसू नकोस,” मास्तर म्हणाले. ते इतक्या कडक आवाजात म्हणाले की ड्रमवालासुद्धा वळला. मुलीचे डोळे भरले, तिची रंगलेली पापणी पुन्हा रंगवावी लागली आणि पडदा उशिरा वर गेला. सगळ्यांना वाटलं, मास्तरांना बायकोची आठवण आली. आठवण आलीच होती. पण मास्तरांना कळत होतं की ते दोन शब्द तेव्हा मेकअपच्या खोलीत बायकोला म्हणायला हवे होते, आणि ते आज भलत्याच पोरीला म्हणून बसले होते.