बांगडीचं वर्तुळ

शिक्रापुरात माझ्या शेजारच्या भाड्याच्या खोलीतली बाई कंपनीतली पाळी संपवून माझ्याकडे दहावीचं गणित शिकायला यायची. पास झाली तरच कंपनी तिला कायम करणार होती. वर्तुळ ती बांगडीभोवती पेन्सिल फिरवून काढायची आणि केंद्राचं टिंब अंदाजानं द्यायची. मग दोन समांतर जीवा केंद्राच्या एकाच बाजूला आहेत की दोन्ही बाजूंना, हेच चुकायचं.

"कंपास कुठंय?"

"हाय की सर, पिशवीत. बांगडीनं लवकर होतं. लई झोप येतीया."

परीक्षेच्या तोंडावर माझी पत्नी गेली. दुसऱ्या दिवशी ही बाई पिठलं-भाकरी घेऊन आली. हातात पुस्तक नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, "खाऊन घ्या आधी. परीक्षा काय, पुढल्या सालीबी हाय."