श्रावण पाळणारा माणूस

मी दारुडा नाही, याचा माझ्याकडे भक्कम पुरावा होता: श्रावण. गटारीला पोटभर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून थेट घरचे गणपती जाईपर्यंत थेंबाला शिवायचं नाही, हा माझा बारा वर्षांचा नेम. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत याचं केवढं कौतुक! "बघा, मनात आणलं की सोडतो. याला म्हणतात कंट्रोल." मीही ऐटीत मान डोलवायचो. सव्वा महिना ज्याला राहता येतं, तो व्यसनी कसा? आता लाज वाटत नाही, म्हणून सांगतो. बाप्पा येण्याआधीच तो जातो कधी याची वाट बघणारा भक्त तुम्ही पाहिला नसेल. तो मी.

मुळात मी बुजरा. लहानपणी घरी पाहुणे आले की मोरीत जाऊन बसायचो. एमआयडीसीत नोकरीला लागलो तरी वर्षभर डबा एकट्यानेच खाल्ला. मग कंपनीच्या एका पार्टीत पम्याने, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या प्रमोदने, आग्रहाने दोन पेग पाजले आणि मी आमच्या मॅनेजरची अशी नक्कल केली की माणसं पोट धरून हसली. "अरे, हा तर छुपा रुस्तम निघाला!" खोटं कशाला बोलू, दारूने मला जे दिलं ते तोवर कोणीच दिलं नव्हतं. चार लोकांत जागा दिली. पुढे पम्या आमच्याच सोसायटीत राहायला आला, आणि बारसं असो, हळद असो, पूजा असो, माइक माझ्या हातात येऊ लागला. फक्त आधी पार्किंगमध्ये एक चक्कर मारून यायची. हळूहळू त्या चकरा वाढल्या आणि शेवटी सकाळी घोटभर घेतल्याशिवाय चहासुद्धा उतरेना. श्रावणात मात्र मी गप्प. फोनही यायचे बंद, कारण श्रावणातल्या माझ्याशी कोणाचं कामच नसायचं. एकदा भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "अहो, वर्षभर पम्याभावजींचा मित्र घरी येतो आणि श्रावणात एक भिंत येते. माझा नवरा कुठाय?" मी टीव्हीचा आवाज वाढवला.

दर श्रावणात सुरुवातीला माझे हात थरथरायचे, झोप उडायची. उपासामुळे होतं, असं सांगून मी ते खपवायचो. बाराव्या वर्षी श्रावण लागल्याच्या तिसऱ्याच दिवशी सोमवार आला. दोन दिवस पोटात अन्न ठरलं नव्हतं, अंगाला घाम सुटत होता आणि बेडरूमच्या भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसत होत्या. बायको म्हणाली, नका जाऊ. पण नेम म्हणजे नेम! आंघोळ केली, तांब्या घेतला आणि रिक्षाने खिडकाळीच्या महादेवाला गेलो. रांग सरकत सरकत गाभाऱ्यापाशी पोचली आणि तांब्या माझ्या हातात राहीना. पाणी पिंडीवर पडायच्या ऐवजी माझ्याच पायांवर सांडलं. मागून लोक "चला, चला" करत होते. मला देवाचा भयंकर राग आला. एवढा नेम पाळतो, आणि तू तुझ्याच दारात मला असा उघडा पाडतोस?

तेवढ्यात मागून कोणीतरी माझं मनगट धरलं. सत्तरीची एक आगरी मावशी होती. बाहेर बेल-फुलं विकायला बसायची आणि टोपली मुलीवर सोडून स्वतः पाणी घालायला रांगेत उभी राहिली होती. तिने माझ्या डोळ्यांत निरखून बघितलं. "कितवा दीस हाय रं?" मी म्हटलं, श्रावणाचा तिसरा. "श्रावनाचा नाय इचारत. बंद केल्याचा." मी मनगट सोडवायला बघितलं. ती म्हणाली, "माजा मालक आसाच श्रावनान गेला. रोजचा पिनारा मानूस, एकदम बंद केली. तिसऱ्या दिसाला फीट आली, ती शेवटचीच. चल दवाखान्यान." माझ्या हातातल्या तांब्याकडे मी बघितलं, तशी ती खेकसली, "पानी मंग घाल! देव कुठं पलून जात नाय!"

रिक्षात तिने माझा हात सोडला नाही. दवाखान्याच्या पायरीवर मला खरोखरच फीट आली, पण तोवर धरायला माणसं होती. नंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की रोज पिणाऱ्याने अशी एका दिवसात बंद करणं जिवावर बेतू शकतं, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेत सोडावी लागते. म्हणजे बारा वर्षं ज्याला मी पुण्य समजत होतो, त्यातच मरायला निघालो होतो. मावशी माझी बायको येईपर्यंत बसून राहिली आणि मग घाईघाईने निघून गेली, सोमवारची गर्दी होती ना. रांगेत शेकडो माणसं असताना माझ्या मागे नेमकी तीच का उभी होती, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

पुढचे दिवस सोपे नव्हते. औषधं होती, समुपदेशन होतं, दर आठवड्याला माझ्यासारख्यांची बैठक होती. तिथे नवीन माणसाला कोणी हसवायला सांगत नाही, हे पाहून मला आधी चुकल्या-चुकल्यासारखंच झालं. हळूहळू कळलं, की श्रावणभर मी देवाला नुसती माझी ताकद दाखवत होतो. देवा, मला जमत नाही, असं एकदाही म्हटलं नव्हतं. पुढे एका सोमवारी खिडकाळीला गेलो तेव्हा ते म्हटलं. मोठ्याने म्हटलं. पुजारी वळून बघायला लागले.

घरचे गणपती गेले आणि रविवारी दुपारी पम्याकडे श्रावण सोडायचा बेत ठरला. दरवर्षीचा तो मान माझा, पहिला ग्लास माझ्या हातात. बैठकीतले लोक जाऊ नको म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. मी बायकोला सांगून गेलो आणि दारातच म्हटलं, "मी घेणार नाही." माझ्यासाठी भरलेला ग्लास तसाच टेबलावर राहिला. मग पम्याच मदतीला धावला, "अरे, माळ घातलीस काय? मग बोल की तसं! कोणी आग्रह करणार नाही." आपल्याकडे माळकऱ्याला कोणी पाजत नाही, उलट मान देतात. नुसतं "हो" म्हटलं असतं तर अब्रूनिशी सुटलो असतो. पण पुन्हा देवाच्या मागे लपायचं? मी म्हटलं, "नाही रे. मला दारूचा आजार आहे. उपचार चालू आहेत."

कोणीतरी खाकरलं. पम्याने भाबडेपणाने विचारलं, "मग तू बोलणार कसा?" म्हटलं, "नाही बोलणार. बसेन आणि मटण खाईन." आणि खरंच तासभर मी जवळजवळ काहीच बोललो नाही. एक विनोद करून बघितला, तो सपशेल पडला. घामाने शर्ट भिजला. वाटलं, संपलं, आता या घरात आपलं काही काम नाही. निघालो, तर पम्या चपला सरकवत मागोमाग खालपर्यंत आला. दोघं गेटपाशी उगाच उभे राहिलो. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या रविवारी ये. बाटली नाही आणणार कोणी. नाही बोललास तरी ये."

आमच्या विंगच्या जिन्यात बसून मी लहान मुलासारखा रडलो. महादेवाचे उपकार मानायला हात जोडले, तर शब्दच सुचेनात. मग तसाच बसून राहिलो. त्यालाही चाललं असावं.

वर गेलो. बायको दारातच उभी होती, चेहरा उतरलेला. "काय म्हणाले सगळे?"

"ये म्हणाले," मी म्हटलं.