शंभर टक्के बापावर

आमच्या घरात हसणं म्हणजे दुखणंच आहे. नवऱ्याला हसू आलं की आधी त्याचा आवाज बंद होतो. मग खांदे हलतात, डोळ्यांतून धारा लागतात, हात स्वतःच्याच गुडघ्यावर आपटायला लागतो, आणि आता संपलं असं वाटतं तेव्हा उचकी लागते. त्या उचकीवर पाणी चालत नाही, साखर चालत नाही, पाठीत बुक्की घातली तरी चालत नाही. कोणाकडे तेरवीला गेलो की आम्ही दाराजवळ बसतो. कोणी भाषणाला उभं राहिलं आणि माईकने कुईं केलं, की मी याला कोपराने बाहेर ढकलते.

आमची मुलगी हसते ती हुबेहूब अशीच. आवाज बंद, खांदे, धारा, गुडघा, उचकी. सगळं त्याच क्रमाने. जेवताना दोघं एकदम सुरू झाली तर मी वरणाचं भांडं उचलून ओट्यावर ठेवते आणि एकटी जेवते. मी स्वतः ओठ मिटून हसते. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर बाई मोकळ्याने हसेल कशाला?

आता गंमत अशी की मुलगी आमच्या पोटची नाही. नागपूरच्या एका संस्थेतून तिला आणली तेव्हा ती माझ्या दोन हातांत मावत होती आणि सगळ्या वाटभर झोपली होती. तिला हे समजायला लागल्यापासून माहीत आहे. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीलाही माहीत आहे. गल्लीला तर आमच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा माहीत असतात.

सासूबाई रोहण्याला राहायच्या, भाज्यांचं वावर सांभाळायच्या. नातीवर त्यांचा जीव, पण हिशेब मोठा सोयीचा. पोरीचा वर्गात पहिला नंबर आला की म्हणायच्या, "आमच्या घरी वाढली ना, वळण लागते मंग." पोरगी शेजारच्या पोराला चावली की म्हणायच्या, "रक्तात असन बाप्पा, आपल्याले काय मालूम." एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमचा लेक दहावीत गणितात दोनदा बसला, ते रक्त होतं का वळण?" त्यावर नवराच असा हसत सुटला की सासूबाईंचं उत्तर राहून गेलं. उचकी संध्याकाळपर्यंत होती.

नवऱ्याची रोपवाटिका आहे, वांग्याची, मिरचीची, टमाटरची रोपं विकतो. त्याला विचारलं तर तो म्हणतो, बियाणं बियाण्याच्या ठिकाणी, माती मातीच्या ठिकाणी, तू चहा मांड. मी दहावीला आनुवंशिकता शिकवते, फळ्यावर वाटाण्याचे वेल काढते, उंच आणि बुटके. दरवर्षी एक तरी पोट्टं विचारतं, मॅडम, हुशारी आईबापाकडून येते का ट्यूशनमधून? मी सांगते, थोडी इकडून, थोडी तिकडून, आणि उरलेली तू खिडकीबाहेर पाहणं बंद केलं तर येते. परीक्षेत याला मार्क मिळत नाहीत, पण मला याहून बरं उत्तर अजून सापडलेलं नाही.

गेल्या वर्षी मुलीने सांगितलं की तिला एक मुलगा आवडतो. दोघं वर्ध्याला एकाच बँकेत कामाला. मुलगा कारंजा घाडग्याचा, हायवेपासून थोडं आत गाव, घरची शेती, घरची गुरं. मुलगा चांगला होता. मी खोट काढायची म्हणून बरीच शोधली, सापडली नाही. त्याला आमची गोष्ट माहीत होती, त्याच्या आईवडिलांनाही होती. माहीत नव्हती ती फक्त त्याच्या आजोबांना, आणि त्या घरात आजोबांनी मान हलवल्याशिवाय पानही हलत नव्हतं.

आजोबा म्हणजे गवळाऊ गाईंचे जाणकार. पांढरीशुभ्र, उंच, तुरुतुरु चालणारी आमच्या भागातली ही जात. तालुक्यात कोणाला गोऱ्हा घ्यायचा असला की आजोबांना घेऊन जायचे. ते नुसते कान आणि चाल पाहून गोऱ्ह्याची आई, आजी, पणजी सांगायचे. आणि माणसांचंही त्यांना तसंच. सून आणताना त्यांनी तिच्या आजोळापर्यंत चौकशी केली होती. रक्त माहीत नाही अशा पोरीला ते हो म्हणतील, असं घरातल्या कोणालाच वाटत नव्हतं.

मी म्हटलं, आधी सांगून टाका, मग जाऊ. मुलाचे वडील म्हणाले, "म्याडम, आधी त्यायले पोरगी पाहू द्या. आवडली का मंग मी सांगतो हळूच." मला हे पटलं नाही. पण मुलीने रात्री माझ्या पांघरुणात शिरून सांगितलं, "आई, ते नाही म्हणाले तर मी पळूनबिळून जाणार नाही. तो आजोबांच्या मांडीवर वाढलाय. त्याचं घर मोडून मला संसार नको." इतकी गंभीर मी तिला कधी पाहिली नव्हती. मी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं.

आजोबांचे गुडघे गेलेले, म्हणून कार्यक्रम उलटा झाला. पोरीलाच घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, आलूबोंडे आले, चहा आला. आजोबांनी आधी आम्हाला गुरांचा कोठा दाखवला, एकेका गाईचं खानदान सांगितलं. नवरा मन लावून ऐकत होता. त्याचे खांदे स्थिर होते. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

मग आजोबा खाटेवर बसले आणि पोरीला म्हणाले, "पोरी, त्या कडूनिंबाचा पाला आण बरं जरासा." पोरगी निघाली. कडूनिंब अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. आणि माझ्या लक्षात आलं की म्हाताऱ्याला पाला नको आहे, त्याला तिची चाल पाहायची आहे. मी खुर्चीतून अर्धी उठले. नवऱ्याने माझ्या पायावर पाय ठेवला.

पोरगी पाला घेऊन आली. आजोबांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आणि निकाल दिला.

"चाल बापाची. कान बापाचे. कपाळ बापाच्या मायचं असन, मी पाह्यली नाई तिले, पन असनच. पोरगी बापावर गेली. शंभर टक्के. यात मायचं काईच नाई."

मुलाच्या आईने पदर तोंडावर ओढला. मुलगा चपलेच्या अंगठ्याकडे टक लावून पाहायला लागला. एवढं निभावलं असतं. पण माझ्याच तोंडून निघालं, "काहीच नाही?"

काय सांगू, मला खरंच राग आला होता. इतकी वर्षं तिची वेणी मी घातली, ताप आला तर मी जागले, पाढे मी पाठ करून घेतले. आणि खोट्या रक्तातसुद्धा माझ्या वाट्याला काही नाही? माझा तो चेहरा नवऱ्याने पाहिला, आणि त्याचा आवाज बंद झाला.

मी पोरीकडे पाहिलं. तिचे खांदे सुरू झाले होते. हातातला कडूनिंब थरथरत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहायला नको होतं, नेमकं पाहिलं. मग काय राहिलं? धारा लागल्या, गुडघे वाजायला लागले. पोरगी तिथेच जमिनीवर बसली. कोठ्यातल्या गाईंनी माना वर केल्या.

"काऊन हासून राह्यले?" आजोबांनी विचारलं. उत्तर द्यायला कोणाकडे आवाज नव्हता. आजोबा मुलाच्या वडिलांकडे वळले. "पाह्य. बापाचं हासनं अन् पोरीचं हासनं. एका साच्यातलं. अन् थे पाह्य, उचकीबी लागली. दोघालेबी. म्या म्हटलं होतं का नाई, शंभर टक्के?"

आता माझ्याने राहवेना. हळूच सांगू म्हणणारे मुलाचे वडील बायकोच्या पदरामागे लपायचेच बाकी होते. मी उभी राहिले. "आजोबा, ही आमच्या पोटची नाही. आम्ही दत्तक घेतली. तिचे खरे आईबाप कोण, आम्हाला माहीत नाही. तुमच्या घरच्यांना हे माहीत आहे. तुम्हाला सांगायची सगळ्यांना भीती वाटत होती."

आता फक्त उचक्या ऐकू येत होत्या. एक नवऱ्याची, एक पोरीची. आजोबांनी आपल्या लेकाकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं, सुनेच्या पदराकडे पाहिलं. मग काठी घेतली, उठले आणि सरळ कोठ्यात गेले.

पोरीचं हसू उतरलं होतं. उचकी मात्र थांबत नव्हती, उचकीला तेवढं भान नसतं. ती जमिनीवरून उठली नाही. मुलगा तिच्याजवळ जाऊन खाली बसला. मी नवऱ्याला म्हटलं, चला, गाडी काढा. संपलं होतं सगळं, आणि ते मी संपवलं होतं.

तेवढ्यात आजी बोलल्या. आजी म्हणजे मुलाची आजी, इतका वेळ भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या. त्यांनी मान वळवली नाही, आवाज मात्र थेट कोठ्यात पोचेल असा काढला.

"आता सांगा ना यायले त्या डबक्यातल्या गाईचं."

कोठ्यातून आवाज आला, "चूप राय."

"काऊन चूप राहू? यायची एक कालवड होती," आजी आम्हाला सांगायला लागल्या. "गवळाऊच. पांढरी कापसावानी. तिची माय मेली, तं हिले म्हशीखाली पाजली. म्हशीतच वाढली थे. मंग दुपार झाली का चालली म्हशीच्या मांगं मांगं, अन् बसली डबक्यात. गाय कुठी डबक्यात बसते का? संध्याकाळी काळी होऊन घरी येये. हा बुडा घासू घासू धुये तिले, गावानं पाहू नाई म्हनून. एक डाव प्रदर्शनात नेली. धुवून, शिंगं रंगवून. मंडपाच्या तोंडाशीच टँकरचं पाणी सांडेल होतं."

आजी थांबल्या आणि सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

"बसली?" नवऱ्याने विचारलं. त्याचे खांदे पुन्हा सुरू झाले होते.

"फतकल मारून. उठेच ना."

यानंतर अंगणात जे झालं ते शिस्तीत सांगता येणार नाही. मुलाच्या आईचा पदर सुटला. मुलाचे वडील, जे इतक्या वर्षांत बापासमोर दात दाखवून हसले नव्हते, ते खुर्चीचा हात धरून वाकले. पोरगी आता आडवीच झाली. आजोबा कोठ्याच्या दारात येऊन उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. मला वाटलं आता शिव्या बसणार.

"दूध मातर बक्कळ देये," आजोबा म्हणाले. आणि त्यांच्या पांढऱ्या मिशा हलायला लागल्या.

मग ते पोरीजवळ आले. "उचकी थांबली का तुही?"

"नाई," ती म्हणाली, आणि उचकी आली.

"मंग पाणी द्या ना तिले कोनी. अन् कुंकू आणा. नुसते दात काढून राह्यले सारे."

आमच्याकडे मुलीला कुंकू लावलं की होकार झाला. मुलाच्या आई कुंकू आणायला धावल्या त्या हळदीचा डबाच घेऊन आल्या, परत गेल्या.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या घरासमोर झालं. मंडपवाल्याने खुर्च्या निम्म्याच आणल्या होत्या. मी त्याच्याशी बोलायला निघाले तर पोरगी माझ्या आधी पोचली. नवी साडी नेसून, हिरवा चुडा भरून, कमरेवर हात. "दादा, तुम्ही काल काय म्हणाला होता, आणि आज काय आणलं? आता मला सबब सांगू नका, खुर्च्या सांगा." तो गडी निमूटपणे टेम्पो घेऊन गेला. दहावी ब मी अशीच गप्प करते, शब्दसुद्धा हेच.

आजोबा पहिल्याच रांगेत बसले होते. शेजारी त्यांचा गुरांच्या बाजारातला जुना दोस्त होता. मी चहा द्यायला गेले तेव्हा ते त्याला सांगत होते.

"चाल पाह्य तिची. बापावर गेली. हासनंबी बापाचं, शंभर टक्के." त्यांनी काठी उचलली आणि सरळ माझ्याकडे दाखवली. "अन् जीभ पाह्यली ना आता? थे मायची. म्या त्या दिवशी नीट पाह्यलं नव्हतं. जाऊन खुर्ची मोजून घे, एकबी कमी नाई यायची."

मी तिथेच उभी राहिले. ट्रेमधले कप वाजायला लागले. मला काही बोलायचं होतं, पण आवाजच बंद झाला. खांदे हलले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. दोस्ताने ट्रे धरला म्हणून चहा वाचला. आणि मग, इतक्या लोकांसमोर, मला उचकी लागली.

नवरा गर्दीतून पाण्याचा ग्लास घेऊन आला. तो हसत नव्हता, डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत होता.

"तुले कधीपासून?" त्याने विचारलं.