हेडफोनमधला आवाज

आमच्या गावाला, वडनेर भोलजीला, हायवेवर पुण्याची ट्रॅव्हल्स जेमतेम मिनिटभर थांबते. तेवढ्यात बाबांनी बॅग डिकीत टाकली, आईनं खिडकीतून दशम्यांचा डबा दिला आणि गाडी निघाली. रडायला वेळच मिळाला नाही. त्याच थांब्यावरून जे गेले त्यांना हे ठाऊक असेल. मागे राहिलेल्यांना तर जास्तच.

मी काय शिकायला चाललेय, हे बाबांना नीट कळलं नव्हतं. लिबरल आर्ट्सला ते ‘पुण्यातलं आर्ट्स’ म्हणत. आईला मात्र शंका नव्हती. “शिकाची गोडी तुले मामाकून आली,” ती सगळ्यांसमोर सांगायची, “मले तं शायेत गोडीच नोती.” मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पुण्यात इंजिनीअर. कॉलेज त्यानंच शोधलं, बाबांना त्यानंच पटवलं. पुण्यात माझं दर रविवारचं जेवण त्याच्याकडे असे.

पहिल्या वर्षी वर्गात मी एकदा “मी जाऊन राह्यली” म्हणाले आणि मागच्या बाकांवर हसू फुटलं. कोणी दुष्ट नव्हतं. पण त्या सेमिस्टरभरात मी ‘मले’चं ‘मला’ केलं आणि घरी फोन करायला होस्टेलच्या गच्चीवर जायला लागले.

तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप सक्तीची होती. कुठल्यातरी संस्थेत आठ आठवडे काम करायचं, शेवटी अनुभवावर रिपोर्ट लिहायचा, त्याचे सहा क्रेडिट. बाबांना फोनवर समजावलं.

“म्हंजे काम तू करशीन, मार्क कॉलेज देईन, अन् पगार कोनीच नाई?”

“हो.”

“मंग बरं हाय त्यायचं.”

मला एका अभ्यास संस्थेत जागा मिळाली. शिक्षण अर्धवट सुटलेल्या बायकांच्या मुलाखती त्यांनी बऱ्याच जिल्ह्यांतून रेकॉर्ड केल्या होत्या. त्या ऐकून जशाच्या तशा उतरवून काढायच्या. आमच्या भागातल्या फाइली इतर इंटर्नना समजत नव्हत्या. माझी निवडच त्यासाठी झाली होती. जी बोली मी दोन वर्षं झाकून ठेवली, तिच्यासाठी आता क्रेडिट मिळणार होते. मला त्याचं हसूही आलं नाही. मी काम करत राहिले.

मुलाखतींवर नावं नसत, फक्त नंबर. शर्वरीताई आमच्या सुपरवायझर. त्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता: आवाज ओळखीचा वाटला तर तिथंच थांबायचं आणि त्यांना सांगायचं.

पाचव्या आठवड्यात मी एक फाइल लावली. मुलाखत घेणारीनं विचारलं, “शिक्षण का सुटलं?” पलीकडे कोणीतरी घसा साफ केला. त्या खाकरण्यावरूनच मी ओळखलं. आई होती.

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

“मी हुशार होती बाई,” आई सांगत होती. “दहावीत शायेतून पयली आली. पन भाऊले नांदुऱ्याले शिकाले पाठवाचं होतं. दोघाईले पाठवनं माह्या बाबाले जमत नोतं. मंग मीच म्हनलं, मले गोडी नाई. मीच म्हनलं बरं, मले कोनी नाई म्हनलं. कोनाले म्हना लागू नये म्हनून.”

“भावाला हे माहीत आहे?” पलीकडून प्रश्न आला. तेव्हा मी हेडफोन काढले.

टेबलावर चहा होता. मी तो प्यायले, मग शर्वरीताईंच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. कुठं थांबायला हवं होतं आणि कुठं थांबले, तेही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आता मला त्यांना फोन करावा लागेल. मुलीनं ऐकलंय हे त्यांना कळायला हवं. मुलाखत मागे घ्यायचा त्यांना हक्क आहे.”

त्या फोन करत होत्या तेवढा वेळ मी जिन्यात उभी होते. क्रेडिटची भीती नव्हती. आईनं माझ्यापासून जपलेली गोष्ट मी तिला न विचारता घेतली होती, आणि ती एका परक्या बाईकडून तिला समजत होती.

शर्वरीताई बाहेर आल्या. “राहू द्या म्हणाल्या. फक्त तुला एक निरोप दिलाय.” त्यांनी तो आमच्या बोलीत म्हणायचा प्रयत्न केला, पुण्याच्या उच्चारात: “भाऊले सांगू नको.”

ती फाइल दुसऱ्या इंटर्नकडे गेली. उरलेले तीन आठवडे मी बाकीच्या बायका ऐकल्या. रिपोर्टमध्ये ‘तुम्ही काय शिकलात’ या रकान्यात मी, बोललेलं उतरवताना स्वल्पविराम कुठं द्यावा याबद्दल दीड पान लिहिलं. पूर्ण क्रेडिट मिळाले.

आई त्या फोनबद्दल कधी बोलली नाही. मीही नाही. रविवारी मामाकडे जेवताना तो प्रेमानं ताटात आणखी एक पोळी वाढायचा, आणि मी त्याच्या चेहऱ्यात काहीतरी शोधायचे. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. तो चांगलाच माणूस आहे. हे पचवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आता मी बंगळुरूत राहते. दिवसाला तीन भाषा बोलते, मीटिंगमधून मीटिंगमध्ये जाते, भाजी ॲपवरून मागवते. वडनेरला वर्षातून दोनदा जाते, तेही पाहुण्यासारखी; माझ्या खोलीत आता सोयाबीनची पोती असतात. तिथं परत राहायला मी जाणार नाही, हे आईला माझ्याआधी कळलं होतं. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगते. पण मनात येतो तो तिचा आवाज, मी समोर नसताना दुसऱ्या कोणाशी बोलताना ऐकलेला. समोर ती माझ्याशी तसं कधीच बोलली नसती.

हे लिहायच्या आधी मी तिला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विषय काढला. “आई, तुही ती मुलाखत... लिहू काय त्याच्यावर?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली; तिनं गॅस बंद केला.

“लेही,” ती म्हणाली. “पन मराठीत लेही. भाऊ आता इंग्रजीच वाचते.”